टिल्बरीचं दुसरं मरण

चौऱ्याहत्तर सालच्या फेब्रुवारीत इंझोरीच्या पोस्टात अमेरिकेचं एक जाडजूड पाकीट आलं. पोस्टमास्तर नानाजींनी ते दोन दिवस कुणाला दाखवलं नाही. पत्त्यात 'पोस्टमास्तर, इंझोरी, बासिम, बेरार' एवढंच इंग्रजीत लिहिलेलं होतं. वाशीमचं बासिम आणि वऱ्हाडाचं बेरार ही नावं सरकारी कागदावरून उडून जमाना झाला होता, त्यामुळे पाकीट कुठंकुठं भटकून आलं होतं कुणास ठाऊक. पाठीवर सहा शिक्के होते. नानाजींचं इंग्रजी शिक्क्यांपुरतंच. पत्र त्यांनी उलटंसुलटं करून पाहिलं, उजेडात धरून पाहिलं, आणि तिसऱ्या दिवशी शाळा सुटताना शेषराव मास्तरला फाटकापाशी गाठलं.

शेषराव हायस्कुलात इंग्रजी शिकवायचा. नागपूरहून बी.ए. होऊन आलेला, गावातल्या बौद्ध वस्तीतला पहिला पदवीधर. कुणाला तार आली, कोर्टाचा कागद आला, औषधाच्या बाटलीवरचं वाचायचं असलं, की लोक त्याच्याकडे येत.

"मास्तर, हे वाचा बरं," नानाजी म्हणाले. "पुन्हा मिलो पाठोन राह्यले काय हे अमेरिकावाले?"

दोनच वर्षांपूर्वीच्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेचा लाल मिलो आला होता आणि त्याच्या भाकरीची चव अजून कुणाच्या जिभेवरून गेली नव्हती. शेषराव हसला. पण चार पानं वाचता वाचता त्याचं हसू मावळलं. पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"मिलो नाही. एका मानसाबद्दल इचारून राह्यले. तो मेला काय म्हनून."

"कोन मेला?"

"तेच तर समजून नाही राह्यलं. हा मानूस दोनदा मेला म्हन्ते."

पत्र लिहिणारे गृहस्थ वॉल्टर प्रिस. ओहायो प्रांतातल्या एका गावी राहणारे, रेल्वेतून रिटायर झालेले. त्यांना आणि त्यांच्या काही मित्रांना जुन्या बेसबॉल खेळाडूंची माहिती गोळा करायचा नाद होता. नव्वद वर्षांपूर्वी पगार घेऊन खेळणारे जे पहिले लोक झाले, त्यांच्यापैकी प्रत्येकाचा जन्म, मृत्यू आणि खेळाचे आकडे पक्के करायचे, असं त्यांनी मनावर घेतलं होतं. त्यांतला एक टिल्बरी. छापील यादीत नाव 'ओ. टिल्बरी'. खेळला चार वर्षं, १८८४ ते १८८७. सामने एकशे अठरा. जागा: कॅचर.

"क्याचर म्हन्जे?"

"पकडनारा."

"फौजदार होता मंग!"

शेषरावनं नाही म्हटलं खरं, पण होता कोण हे त्यालाही सांगता येईना. क्रिकेटची कॉमेंट्री तो रेडिओवर ऐकायचा. विकेटकीपरसारखं काहीतरी असावं असा त्यानं अंदाज बांधला. आकड्यांनी मात्र त्याला पार गोंधळात टाकलं. फलंदाजीपुढं लिहिलं होतं: पूर्णांक काही नाही, टिंब, एकशे सत्त्याऐंशी. मास्तरच तो, त्यानं लगेच शेकड्यात हिशेब केला. पावणेएकोणीस टक्के. पास व्हायला पस्तीस लागतात. त्यापुढं एक रकाना होता, 'हातून निसटलेले चेंडू': एकशे चौसष्ट. आणखी एक, 'चुका': एकशे एकतीस. माणसाच्या चुका मोजून छापायच्या, आणि नव्वद वर्षांनी त्या बरोबर आहेत की नाहीत हे तपासायला सातासमुद्रापार पत्र पाठवायचं! आणि तेही नापास झालेल्या माणसासाठी!

प्रिस यांचा खरा पेच पुढच्या पानावर होता. जून १८८६ मध्ये एका तारखेला हा टिल्बरी एकाच दुपारी दोन गावांत खेळलेला दिसत होता, आणि त्या दोन गावांत रेल्वेनं नऊ तासांचं अंतर होतं. शिवाय ओरिन टिल्बरी नावाचा हा खेळाडू १८९९ साली ओहायोत वारल्याची नोंद मिळालेली. पण एका जुन्या मिशनच्या मासिकात दोन ओळी सापडल्या होत्या: 'पूर्वी नावाजलेले कॅचर असलेले श्री. टिल्बरी मे १९०० मध्ये वऱ्हाडात इंझोरी इथं दुष्काळग्रस्तांची सेवा करताना कॉलऱ्यानं वारले.' तेव्हा तुमच्या गावात त्यांची कबर, एखादा कागद, एखादी आठवण शिल्लक आहे का?

नानाजी विचारात पडले. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी पुन्हा घातली.

"मास्तर, हा गोरा बाबा तर नसन?"

गोरा बाबा सगळ्यांना ठाऊक होता. गावाबाहेर नाल्याच्या पलीकडं, बंजाऱ्यांच्या तांड्याच्या वाटेवर, शेंदरानं लिंपलेला गुडघ्याएवढा दगड. पटकी-खोकला आला की लोक तिथं नारळ फोडत. गोरा का, हे कुणी विचारलं नव्हतं. एकोणीसशे छप्पन साली बौद्ध धर्माची दीक्षा घेतल्यापासून शेषरावच्या घरानं कुठल्याच दगडापुढं हात जोडले नव्हते, त्यामुळे त्या दगडाकडं त्यानं कधी नीट पाहिलंही नव्हतं.

रविवारी तो तांड्यावर गेला. तिथल्या सर्वांत जुनं माणूस म्हणजे सोनीबाई. वय ऐंशीच्या पुढं, पण दात सोडले तर सगळं शाबूत. नातू गोविंदसिंग बैलाला पाणी पाजत होता. शेषरावनं गोऱ्या बाबाचं नाव काढताच म्हातारीनं हातातलं सूप खाली ठेवलं.

"कवठ्या साहेब," ती म्हणाली. "आमी त्याले कवठ्या साहेब म्हनो."

"कवठ्या?"

"छप्पनियाचा दुस्काय होता, संवत छप्पनचा. खायाले दाना नाही. साहेबानं नाल्यापाशी छप्पर घातलं, कढई मांडली. आमाले पेज दे. मी आठेक वर्साची असन. तठी कवठाचं झाड होतं. पोट्टे वरून कवठं फेकत आन् साहेब खाली झेले. असा वाकून." म्हातारी उठली. गुडघे वाकवून, दोन्ही हात पोटापुढं धरून उभी राहिली, जणू कुणी पोतं अंगावर टाकणार आहे. "एक कवठ खाली पडू दे नाही. कवठ केवढं टनक राह्यते, मालूम हाय ना? त्याले काई वाटेच नाही. बोटं सारे मोडेल होते त्याचे. हे असं, हे असं." तिनं आपली बोटं वाकडीतिकडी करून दाखवली. "आमी त्याले इचारलं, बोटाले काय झालं? तो हासे आन् हातानं दाखवे, चेंडू."

शेषरावनं ते वहीत उतरवून घेतलं. बोटांचं काय करायचं हे त्याला समजलं नाही. पण एक गोष्ट खटकली. ज्याच्या हातून एकशे चौसष्ट चेंडू निसटले, तो एकही कवठ खाली पडू देत नव्हता म्हणे. मग आकडे खोटे, की म्हातारी?

"आजी, त्या दगडावर अक्षरं आहेत काय?"

"आहेत. शेंदराखाली. मिशनवाल्यायनं कोरेल."

"मंग शेंदूर काढा लागन."

गोविंदसिंगनं बादली आदळली. "मास्तर, तुमी देव मानत नाही, तुमाले काय! उद्या तांड्यात काई झालं त कोन पाह्यन?"

गोविंदसिंगचं म्हणणं चूक आहे असं शेषरावला वाटेना. आपण कोण लोकांच्या देवाची कातडी सोलणारे? आणि तेसुद्धा कशासाठी, ओहायोतल्या एका रिटायर माणसाच्या यादीतला रकाना भरावा म्हणून! तो उठायलाच निघाला होता.

"बस खाली," सोनीबाई म्हणाली. शेषरावला नव्हे, नातवाला. "त्या दगडाले पयला शेंदूर माह्या हातानं लावला. मीच काढतो."

"तुवा लावला? काहून?" नातवानं विचारलं.

"भेव वाटे," एवढंच ती बोलली आणि तेलाची वाटी आणायला आत गेली.

त्या दुपारी नाल्याकाठी बरीच माणसं जमली. सोनीबाईनं दगडावर कोमट तेल ओतलं, चिंधीनं चोळलं, मग विळ्याच्या पाठीनं हळूहळू खरवडायला लागली. शेंदराचे थर बोटभर जाडीचे. ते खपल्यांसारखे निघत होते आणि ती प्रत्येक खपली पदरात गोळा करत होती. तासाभरानं काळा दगड दिसला आणि त्यावर उथळ कोरलेली इंग्रजी अक्षरं. शेषराव गुडघ्यावर बसला.

पहिलं अक्षर 'ओ' असणार, याची त्याला खात्री होती. ते 'ई' निघालं. ई. टिल्बरी, मे १९००.

त्यानं बोटानं चाचपून पाहिलं. 'ओ'चा कुठला भाग झिजून 'ई' होईल का याचाही विचार केला. होत नव्हता. ओरिनला शोधायला आले आणि सापडला भलताच. शेवटी त्यानं वहीचं पान दगडावर धरून पेन्सिलनं घासलं. अक्षरं कागदावर जशीच्या तशी उमटली. तोवर सोनीबाईनं ताजा शेंदूर कालवला होता. कागद निघताच तिनं दगड पुन्हा झाकून टाकला. गोविंदसिंगनं नारळ फोडला आणि पहिला तुकडा शेषरावपुढं धरला. शेषराव क्षणभर अडला, मग त्यानं तो खाल्ला.

कागद, कवठांची हकिगत आणि वाकड्या बोटांची गोष्ट त्यानं अमेरिकेला पाठवून दिली.

उत्तर आलं मे महिन्यात. या खेपेला प्रिस यांचं अक्षर घाईचं होतं, ओळी एकमेकींवर चढलेल्या. बोटांचं वाचून आपण खुर्चीतून उठलो, असं त्यांनी लिहिलं होतं. त्या काळी कॅचरला धड हातमोजेही नसत. ताशी सत्तर-ऐंशी मैलांनी येणारा चेंडू ते उघड्या हातांनी धरत, आणि पाच वर्षांत बोटांच्या काटक्या होत. शिवाय ते अक्षर 'ई'! ओरिनला एझ्रा नावाचा धाकटा भाऊ होता. तोही खेळला, हे आजवर कुणालाच माहीत नव्हतं, कारण त्या वेळची वर्तमानपत्रं नुसतं 'टिल्बरी' छापत. त्या जूनच्या दुपारी दोन गावांत दोन भाऊ खेळत होते. पुस्तकातला एक माणूस आता दोन झाला. एकाहत्तर सामने आणि अठ्ठ्याण्णव निसटलेले चेंडू ओरिनकडं. सत्तेचाळीस सामने आणि सहासष्ट निसटलेले चेंडू एझ्राकडं. एझ्राची फलंदाजी टिंब एकशे एक्कावन्न.

"म्हन्जे आनखी खालीच गेला," शेषराव नानाजींना म्हणाला. "अदुगर त्याचं नावच नोतं. आता नाव भेटलं, आन् त्याच्यासंगं सहासष्ट निसटेल चेंडू. आन् हे लिहून राह्यले का आनंदाची बातमी हाय."

"त्याईची आनंदाची तऱ्हा येगळी असन," नानाजी म्हणाले. "पुढं वाचा."

पुढं थोडंच होतं. एझ्राला एक मुलगी होती, क्लारा. तिचा पत्ता प्रिस यांनी हुडकला होता. वय शहाऐंशी, वृद्धाश्रमात राहते. आईनं तिला आयुष्यभर सांगितलं होतं की तुझा बाप घर सोडून पळून गेला. प्रिस तिला आकडे सांगायला लागले तेव्हा तिनं हात हलवून थांबवलं. तिला एकच विचारायचं होतं. मेले तेव्हा ते एकटे होते का?

शेषराव दुसऱ्या दिवशी तांड्यावर गेला. सोनीबाई खाटेवर बसली होती. त्यानं क्लाराचं सगळं सांगितलं. म्हातारी ऐकत राहिली.

"त्याले पोरगी होती?"

"हो."

"माह्याच जोडीची म्हन ना."

"तुह्यापेक्षा चार वर्सानं मोठी."

तिनं पदर डोक्यावर ओढून घेतला. "पटकी आली, तवा रांधनारे पयले पळून गेले. मंग सारेच. आमच्या तांड्यानं नाला वलांडला आन् इकडच्या अंगाले येऊन बसले. साहेब छपरातच पडेल. कोनी तिकडं जाये नाही. ज्यानं आमाले पेज पाजली त्याले आमी पानी नाही नेलं. भेव, मास्तर. घरोघर मुडदे होते."

शेषरावनं वही मिटली.

"मंग माही याडी, माही माय, नाल्याच्या काठावर येऊन बसली. सकायपासून. तिकडं गेली नाही. इकडूनच हाका मारे. 'साहेब, आमी हाओ इथी! साहेब, आमी हाओ!' दिवसभर. गळा बसला तिचा. मी तिच्या मांडीपाशी. दोनदा साहेबानं हात वर केला, ते वाकडे बोटं दिसले मले. तिसऱ्यानं नाही केला." तिनं शेषरावकडं पाहिलं. "आता सांग, तू शिकेल हायेस. एकटा होता काय तो? मले एवढी उमर झाली, नाही समजलं. म्हनून शेंदूर लावला मी. रागावला असन त जिरो म्हनून."

घरी येऊन शेषरावनं एक पत्र लिहिलं: तुमचे वडील मेले तेव्हा सारा गाव उशापायथ्याशी होता. ते फाडलं. दुसरं लिहिलं: होय, ते एकटे होते. तेही फाडलं. त्याची आई चंपाबाई चुलीपाशी बसल्या बसल्या बघत होती.

"कायले कागद फाडून राह्यला रे?"

"खरं काय ते समजत नाही, बाई."

"जे बुढीनं सांगतलं ते लिही. खरं का खोटं, ते पोरगी ठरवन. बाप तिचा हाय."

नानाजींचं मत वेगळं पडलं. मरायला टेकलेल्या बाईला गोड लिहिलं तर काय बिघडतं, असं त्यांचं म्हणणं. त्यातही तथ्य होतं. पण शेषरावनं आईचं ऐकलं. नाला, पटकी, न नेलेलं पाणी, दिवसभराच्या हाका, दोनदा वर झालेला हात, सगळं जसंच्या तसं इंग्रजीत उतरवलं. 'आम्ही इथं आहोत' या वाक्याशी तो बराच अडला. इंग्रजीत ते फारच लहान दिसत होतं. पत्र टाकल्यावर आठ दिवस त्याला वाटत राहिलं, की आपण एका म्हाताऱ्या बाईवर उगीच दगड भिरकावला.

ऑक्टोबरात उत्तर आलं. क्लारानं स्वतः लिहिलेलं, सहा ओळी. तुमचं पत्र मी रोज वाचते, असं तिनं लिहिलं होतं. ज्या बाईनं हाका मारल्या तिचं नाव मला कळवा. मी रात्रीच्या प्रार्थनेत वडिलांचं नाव घेते, त्याच्यासोबत तिचंही घेईन.

शेषराव जवळजवळ पळतच तांड्यावर गेला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्याला सोपं काम मिळालं होतं. सोनीबाईला त्यानं सहाही ओळी मराठीत सांगितल्या. ती दोनदा ऐकून हसली, डोळे पुसले.

"मंग सांग आजी. तुह्या मायचं नाव काय?"

"याडी."

"याडी म्हन्जे आई. पन नाव?"

सोनीबाईनं तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. तिच्या कपाळावर आठ्या पडल्या. "आमी याडीच म्हनो," ती सावकाश म्हणाली. "बाप तिले 'ए' म्हने. बाया... बाया सोनीची याडी म्हनत. पुढच्याच साली गेली ती. मी लहान होती, मास्तर. मायचं नाव कोन इचारते लहानपनी?"

गोविंदसिंगनं तांड्यात विचारलं, शेजारच्या तांड्यात विचारलं. त्या वेळचं आता कुणी उरलं नव्हतं. पोहरादेवीला एक नव्वदीचा म्हातारा होता. गोविंदसिंग त्याच्याकडंही जाऊन आला. त्याला सोनीबाईचा बाप आठवत होता, बापाचे बैल आठवत होते, एका बैलाचं नावही आठवत होतं. बाई आठवत नव्हती. तीन दिवसांनी सोनीबाईनं निरोप पाठवला, सोमली असावं. शेषराव लिहायला बसला तोच दुसरा निरोप: सोमली नव्हे, सोमली मावशी होती.

शेषराव कोरा कागद पुढं घेऊन बसला. ज्या माणसाचे सहासष्ट निसटलेले चेंडू नव्वद वर्षांनी मोजून निघाले, त्याच्यासाठी दिवसभर हाका मारणाऱ्या बाईचं नाव तिच्या पोटच्या पोरीलाही ठाऊक नव्हतं. यात कुणाची चूक, आणि ती कुठल्या रकान्यात लिहायची, हे त्याला उमगेना. शेवटी त्यानं इंग्रजी अक्षरांत 'याडी' लिहिलं. हे नाव आहे की नाही ते सांगता येत नाही, याचा अर्थ आई असा होतो, तिची मुलगी तिला याच नावानं ओळखते, एवढं खाली जोडलं.

नानाजींनी पाकिटावर शिक्का मारता मारता विचारलं, "भेटलं काय नाव?"

"भेटलं का नाही, तेच समजून नाही राह्यलं," शेषराव म्हणाला.

नानाजींनी पाकीट थैलीत टाकलं आणि थैलीचं तोंड बांधलं.